पॉयझन आयव्ही: ओळखावी कशी, टाळावी कशी आणि अंगाला लागल्यास काय करावे

उन्हाळा लागला की उत्तर अमेरिकेतली मराठी मंडळी घराबाहेर पडतात. कोणी परसात भाज्यांचे वाफे करतात, कोणी डोंगरवाटा तुडवतात, मंडळाच्या सहली निघतात, शनिवार-रविवारी सार्वजनिक मैदानांवर टेनिस बॉलचे क्रिकेट रंगते आणि भारतातून आलेले आई-वडील सकाळ-संध्याकाळ फेरफटका मारतात. या सगळ्या ठिकाणी, पायवाटेच्या कडेला किंवा कुंपणाला बिलगून, पॉयझन आयव्ही ही दिसायला अगदी साधी वनस्पती वाढत असते. तिला हात लागला तर त्या क्षणी काहीच जाणवत नाही. आग होत नाही, काटा टोचत नाही, खाजही सुटत नाही. एक-दोन दिवसांनी कातडीवर चट्टे उठतात, फोड येतात आणि पुढे दोन-तीन आठवडे खाजेने झोप उडते. भारतात ही वनस्पती आढळत नसल्यामुळे तिच्याविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून काही कानावर आलेले नसते, आणि पुरळ उठल्यावर आपल्याला चटकन सुचणाऱ्या घरगुती उपायांपैकी काही उपाय त्रास वाढवणारेच ठरतात.

या सगळ्या त्रासाचे मूळ एका तेलात आहे. ते तेल कुठून येते, कातडीत किती वेळात मुरते आणि कुठे कुठे दडून राहते हे एकदा नीट समजले की ओळखण्यापासून औषधापर्यंतची प्रत्येक पायरी का सांगितली जाते, तेही कळते.

त्रास नेमका कशाने होतो

पॉयझन आयव्हीच्या पानांत, देठांत, खोडात, मुळांत आणि फळांत उरुशिऑल नावाचे तेलकट द्रव्य असते. पान धड असेपर्यंत ते आतल्या नलिकांमध्ये बंद असते. पान चुरगळले, देठ मोडला, किड्यांनी कुरतडले किंवा वरून कोणाचा बूट गेला की ते बाहेर येते. ताजे असताना त्याला विशेष रंग नसल्यामुळे ते हाताला लागलेले दिसत नाही. हवा लागल्यावर मात्र ते काळे पडते, आणि या वनस्पतीच्या दुखावलेल्या पानांवर अधूनमधून काळे, चकचकीत ठिपके दिसतात ते त्यामुळेच.

हे तेल ॲसिडप्रमाणे कातडी भाजत नाही. ते त्वचेतल्या प्रथिनांना चिकटते, शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा त्या बदललेल्या प्रथिनांना परके समजून त्यांच्यावर हल्ला चढवते, आणि पुरळ, सूज, फोड हे सारे त्या हल्ल्याचे परिणाम असतात. ही ॲलर्जी उशिरा प्रकट होणाऱ्या प्रकारातली आहे. शरीराला या द्रव्याची पूर्वीची ओळख असेल तर पुरळ साधारणतः एक ते तीन दिवसांत उठते. पहिलाच संपर्क असेल तर दोन-तीन आठवडेही लागू शकतात, किंवा पहिल्या खेपेस काहीच होत नाही आणि पुढच्या खेपेस सगळे भोगावे लागते. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संस्था सांगते की सुमारे ८५ टक्के लोकांना उरुशिऑलची ॲलर्जी असते. त्यामुळे ‘मागच्या वर्षी मी हातानेच उपटली होती, मला काही झाले नाही’ या अनुभवावर कोणी विसंबू नये.

मराठी वाचकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. बिब्बा, काजू आणि आंबा ही तिन्ही झाडे पॉयझन आयव्हीच्याच आम्रकुलातली आहेत. बिब्ब्याच्या काळ्या तेलात आणि काजूच्या टरफलातल्या तेलात उरुशिऑलशी जवळचे साम्य असलेली द्रव्ये असतात. ज्यांना कधीकाळी बिब्बा उतला होता किंवा काजू भाजताना-फोडताना ज्यांचे हात उतले होते, त्यांच्या शरीराची या द्रव्यांशी ओळख आधीच झालेली असू शकते, आणि म्हणून पॉयझन आयव्हीशी आलेला त्यांचा पहिलाच संपर्कही जोरदार पुरळ उठवू शकतो. हेच उलट दिशेनेही घडते. पॉयझन आयव्हीची ॲलर्जी जडलेल्या माणसाच्या ओठांभोवती आंब्याच्या सालीने आणि देठाजवळच्या चिकाने पुरळ उठू शकते. अशा माणसाने आंबा चोखून खाऊ नये; दुसऱ्या कोणी आंबा धुऊन, साल काढून फोडी करून दिल्या तर गर बहुतेकांना बाधत नाही.

ओळख कशी पटवावी

अमेरिकेतल्या शाळांत आणि शिबिरांत मुलांना ‘लीव्ह्ज ऑफ थ्री, लेट इट बी’ असे शिकवतात, म्हणजे तीन पानांचा जुडगा दिसला की त्याच्या वाटेला जायचे नाही. हे सूत्र मुलांसाठी चांगले आहे, परंतु त्रिदल पानांच्या निरुपद्रवी वनस्पतीही पुष्कळ असल्यामुळे मोठ्यांनी थोडे अधिक बारकाईने पाहायला शिकावे. दोन पावले दूर उभे राहून एकच पान न्याहाळावे. देठाच्या टोकाशी तीन पर्णिका, म्हणजे एकाच पानाच्या तीन सुट्या पात्या, असतात. त्यांपैकी मधलीचा देठ स्पष्ट दिसेल इतका लांब असतो, तर बाजूच्या दोन पर्णिका मुख्य देठाला जवळजवळ चिकटलेल्या असतात. मधली पर्णिका दोन्ही अंगांनी सारखी असते. बाजूच्या दोन्ही मात्र एकांगी, म्हणजे बाहेरच्या अंगाला रुंद आणि आतल्या अंगाला अरुंद असतात. कडा कधी सरळ असतात, कधी त्यांना एक-दोन मोठे दाते असतात, आणि एकाच वेलीवर दोन्ही प्रकार दिसू शकतात. फांदीवर पाने समोरासमोर न येता एकाआड एक येतात आणि काटे कुठेही नसतात.

ऋतूप्रमाणे तिचे रूप बदलते. वसंतात कोवळी पाने लालसर आणि तुकतुकीत असतात, उन्हाळ्यात हिरवी होतात आणि शरद ऋतूत इतकी सुंदर लाल-केशरी रंगतात की रंगीत पाने गोळा करणारी मुले नेमकी तीच उचलतात. फळे लहान, गोल, पांढरट असतात आणि पक्षी ती आवडीने खातात. त्यांच्या विष्ठेतून बी पडून कुंपणाखाली आणि झाडांच्या बुंध्यांशी नवी रोपे उगवतात. ही वनस्पती जमिनीवर पसरते, झुडूप होऊन उभी राहते आणि वेल होऊन झाडावरही चढते. झाडावर चढलेल्या जुन्या वेलीचे खोड मनगटाएवढे जाड होऊ शकते आणि त्याला दाट, तपकिरी, केसाळ मुळ्या फुटलेल्या असतात. हिवाळ्यात पाने गळून गेल्यावर ओळख पटवण्याची खूण म्हणजे हे केसाळ खोड. पाने नसली तरी त्या खोडात तेल असतेच, म्हणून थंडीत सरपण तोडताना किंवा गोळा करताना वेल गुंडाळलेली लाकडे घेऊ नयेत.

गल्लत होते ती मुख्यतः तीन वनस्पतींशी. व्हर्जिनिया क्रीपर ही वेल शेजारीशेजारी वाढते, परंतु तिला सहसा पाच पर्णिका असतात. बॉक्स एल्डर या झाडाची रोपे हुबेहूब तशीच दिसतात, मात्र त्यांची पाने फांदीवर समोरासमोर येतात. ब्लॅकबेरी आणि रास्पबेरी यांना काटे असतात.

पूर्व किनारा, मध्य-पश्चिमेतली राज्ये आणि कॅनडातले ऑन्टारियो व क्युबेक हे प्रांत हा पॉयझन आयव्हीचा मुख्य मुलूख. कॅलिफोर्निया, ओरेगन आणि वॉशिंग्टन या किनारी राज्यांत तिची जागा पॉयझन ओक घेते. तिच्याही पर्णिका तीनच, पण ओकच्या पानांप्रमाणे गोलसर खाचांच्या. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या टेकड्यांवर हिंडणाऱ्यांनी हीच ओळखायला शिकावी. पूर्वेकडच्या दलदलीत पॉयझन सुमॅक नावाचे तिसरे झुडूप असते, त्याच्या एका पानाला ७ ते १३ पर्णिका असतात. तिन्हींमधले तेल एकाच प्रकारचे असल्यामुळे पुढचे सगळे उपाय तिन्हींना लागू पडतात. अलास्का आणि हवाईमध्ये यांचा उपद्रव नाही.

बाहेर पडताना घ्यायची काळजी

पॉयझन आयव्हीला ऊन आणि सावली यांच्या सीमेवरची जागा आवडते. घनदाट जंगलाच्या मध्यापेक्षा जंगलाची कड, पायवाटेचा काठ, ओढ्याचा तीर, कुंपण, रेल्वेमार्गाची बाजू, वाहनतळाच्या मागची झाडी इथे ती अधिक असते, म्हणजे नेमकी माणसांचा वावर असतो तिथेच. ड्यूक विद्यापीठाच्या परिसरातील जंगलात झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की हवेत कार्बन डायऑक्साइड वाढवल्यावर ही वेल अधिक जोमाने वाढते आणि तिच्यातले उरुशिऑलही अधिक तीव्र होते. हा त्रास येत्या काळात कमी होण्याची चिन्हे नाहीत.

सर्वांत सोपा बचाव म्हणजे पायवाटेच्या मधोमध चालणे आणि पूर्ण लांबीची विजार, पायमोजे व बंद बूट घालणे. विजारीचे पाय मोज्यांत खोचले तर गोचिडींपासूनही बचाव होतो, आणि या भागांत गोचिडींपासून होणारा लाइम रोग ही वेगळी चिंता आहेच. भारतातून आलेल्या आई-वडिलांना चपला घालून फिरायची सवय असते, त्यांना पहिल्याच आठवड्यात बरोबर नेऊन ही वनस्पती प्रत्यक्ष दाखवावी. रस्त्याकडेची एखादी अनोळखी पालेभाजी किंवा फूल तोडून पाहण्याची उत्सुकता ज्येष्ठांना फार असते. तोडण्यापूर्वी विचारायचे, एवढे त्यांच्याकडून कबूल करून घ्यावे. जंगलात आडोशाला बसताना जागा आधी नीट पाहावी आणि पुसण्यासाठी पाने कधीही वापरू नयेत.

क्रिकेटच्या बाबतीत थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण मैदानाची हद्द आणि पॉयझन आयव्हीची आवडती जागा या बहुधा एकच असतात. चेंडू झुडपात गेला की दोघे-तिघे हातांनी पाला बाजूला सारत शिरतात, कोणी बॅटने झोडपतो, चेंडू सापडतो, विजारीला पुसला जातो आणि गोलंदाजाच्या हातात परत जातो. या एका प्रसंगात तेल पाला सारणाऱ्यांच्या हातांना, बॅटला, विजारीला आणि चेंडूमार्फत निम्म्या संघाला लागू शकते. म्हणून सामना सुरू होण्यापूर्वी सीमेलगतची झाडी एकदा पाहून घ्यावी, आणि संशयास्पद जागेत गेलेला चेंडू सोडून देऊन नवा काढावा. काढायचाच असेल तर लांब काठीने बाहेर ढकलावा आणि साबणाने धुतल्याशिवाय खेळात घेऊ नये. सहलीच्या सामानात पाण्याचा एक मोठा कॅन, भांडी धुण्याचा द्रवरूप साबण आणि तीन-चार जुनी फडकी कायम ठेवावीत; त्यांचा उपयोग पुढे येतोच.

शेकोटीविषयी एकच नियम आहे आणि त्याला अपवाद नाही: पॉयझन आयव्ही जाळू नये. जळताना तेल धुरातल्या कणांबरोबर उडते आणि तो धूर श्वासात गेला तर घसा व फुप्फुसे आतून सुजून जीवावर बेतू शकते.

परसातली वेल काढताना

घराच्या आवारात ही वेल सापडली तर पहिला मोह गवत कापायचे यंत्र फिरवण्याचा होतो. तो आवरावा. यंत्राच्या पात्यांनी पाला भुगा होऊन उडतो आणि तेलाचे शिंतोडे पायांवर, चेहऱ्यावर बसतात. लहान रोपे पावसानंतर माती मऊ असताना मुळासकट उपटावीत. अंगात लांब बाह्यांचा जुना सदरा, जाड विजार आणि बूट असावेत. हातमोजे निवडताना लेटेक्सचे पातळ मोजे टाळावेत, कारण उरुशिऑल त्यांतून आत झिरपू शकते. जाड विनाइलचे मोजे चांगले. उपटलेली रोपे जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून स्थानिक नियमांप्रमाणे कचऱ्यात द्यावीत. ती कंपोस्टच्या ढिगात घालू नयेत, कारण सुकलेल्या पानांतही तेल टिकून राहते.

झाडावर चढलेली जाड वेल ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. ओढताना ती अंगावर येते. बुंध्याशी करवतीने वेलीचा तुकडा कापून वरचा भाग तसाच वाळू द्यावा, आणि ताज्या कापावर ग्लायफोसेट किंवा ट्रायक्लोपिर असलेले तणनाशक लेबलवर लिहिल्याप्रमाणे ब्रशने लावावे. मुळांचा तुकडा जरी मातीत राहिला तरी नवे कोंब फुटतात, म्हणून हे काम एका उन्हाळ्यात संपेल अशी अपेक्षा ठेवू नये. वेल मोठी असेल आणि घरात कोणाला पूर्वी तीव्र त्रास झालेला असेल, तर माझ्या मते हे काम व्यावसायिकांकडून करून घेण्यात पैसे वाया जात नाहीत.

हात लागलाच तर: पहिली काही मिनिटे

संपर्क झाल्याची शंका आली की घड्याळ सुरू झाले असे समजावे. उरुशिऑल कातडीत काही मिनिटांतच मुरू लागते. पहिल्या दहा मिनिटांत धुतले तर बराच भाग निघून जातो, अर्ध्या तासाने थोडाच निघतो आणि तासाभरानंतर मुरलेले तेल धुण्याने निघत नाही. तरीही उशीर झाला म्हणून धुणे सोडू नये, कारण कातडीवर उरलेले तेल इतरत्र पसरणे तरी त्याने थांबते. घरी जाऊन नीट अंघोळ करू, असा विचार करून गाडीत बसणे ही सर्वांत मोठी चूक. म्हणून तर पाण्याचा कॅन आणि साबण बरोबर ठेवायचा.

धुण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. नुसते पाणी ओतून किंवा साबणाचा फेस फिरवून हे तेल जात नाही. हाताला गाडीच्या इंजिनातले काळे ग्रीस माखले आहे आणि ते दिसेनासे होईपर्यंत घासायचे आहे, अशी कल्पना करून धुवावे. आधी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावे. मनगटावरचा दोरा किंवा ऑगस्टमधली राखी तेल शोषून घेते, तीही काढावी. मग गार किंवा कोमट पाण्याने भाग ओला करून भांडी धुण्याचा साबण लावावा, ओल्या फडक्याने एकाच दिशेने पुसत जावे आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. फडक्याची स्वच्छ बाजू वर घेऊन हेच आणखी दोनदा करावे. साबण कातडीवर वाळू देऊ नये, कारण त्याबरोबर तेल पुन्हा पसरते. बोटांच्या बेचक्या आणि नखांखालची जागा ब्रशने घासावी. तेल नखांखाली राहिले तर ते पुढे चेहऱ्यावर, मानेवर जाते. दुकानांत यासाठी खास द्रावणे मिळतात आणि ती चालतात, परंतु नीट घासण्याला ती पर्याय नाहीत.

हात स्वच्छ होईपर्यंत डोळे चोळू नयेत, फोन हाताळू नये, हाताने काही खाऊ नये आणि लघवीला जाण्यापूर्वीही हात धुवावेत. नाजूक जागी उठणारे पुरळ बहुधा न धुतलेल्या हातांमुळेच उठते. घरी आल्यावर शॉवरखाली अंघोळ करावी. टबमध्ये बसू नये, त्या पाण्यात तेल अंगभर पसरू शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे न धुतलेल्या कातडीवर खोबरेल तेल चोळू नये. आपल्याकडे बिब्बा उतल्यावर खोबरेल लावण्याची पद्धत असल्यामुळे हात आपोआप बाटलीकडे जातो, परंतु उरुशिऑल तेलात सहज मिसळते आणि चोळण्याने ते आणखी पसरते.

कपडे, वस्तू आणि घरातला कुत्रा

पुरळ ओसरत आले आणि पुन्हा उठले, असे सांगणाऱ्यांच्या बाबतीत तेल अजून घरातच कुठेतरी असण्याची शक्यता मोठी असते. बुटांच्या नाड्या, बागकामाची कात्री, हातमोजे, गाडीचे सुकाणू, पाठपिशवीचे पट्टे यांवर ते महिनोन् महिने, कोरड्या जागी त्याहूनही अधिक काळ, परिणामकारक राहते. बाहेरून आल्यावर कपडे थेट धुण्याच्या यंत्रात टाकून इतर कपड्यांपासून वेगळे, गरम पाण्यात आणि डिटर्जंट घालून धुवावेत. ते टोपलीत किंवा पलंगावर टाकू नयेत. हत्यारे आणि बूट हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने किंवा रबिंग अल्कोहोलने पुसावेत, नाड्या काढून धुवाव्यात. कुत्र्याला स्वतःला सहसा त्रास होत नाही, पण त्याच्या केसांना लागलेले तेल त्याला जवळ घेणाऱ्या मुलांच्या गालांना लागते. त्याला हातमोजे घालून, साबण लावून अंघोळ घालावी आणि मगच घरात घ्यावे.

पुरळ उठल्यावर

पॉयझन आयव्हीचे पुरळ बहुधा रेषेत उठते, कारण पान कातडीवरून घासत गेलेले असते. गोऱ्या कातडीवर ते लालभडक दिसते. सावळ्या कातडीवर ते जांभळट किंवा गडद तपकिरी दिसू शकते. कधी कधी कातडीवर काळा, चकचकीत डाग राहतो, तो वाळलेल्या उरुशिऑलचा असतो.

या पुरळाविषयीचा एक गैरसमज घराघरांत त्रास देतो. फोडांतून पाझरणाऱ्या पाण्यात उरुशिऑल नसते. त्या पाण्याने पुरळ अंगभर पसरत नाही आणि एकाचे दुसऱ्याला लागत नाही. आज मनगटावर, तीन दिवसांनी पोटावर असे ते पसरत गेल्याचे वाटते, कारण जिथे कातडी पातळ आणि तेल जास्त तिथे ते आधी उठते व इतरत्र उशिरा. त्यामुळे अंग धुऊन झाले असेल, तर पुरळ उठलेल्या मुलाला वेगळे झोपवण्याची किंवा आईने त्याला जवळ न घेण्याची काहीही गरज नसते.

पुरळ एक ते तीन आठवड्यांत आपले आपण बरे होते. उपचार करायचे ते खाज सुसह्य व्हावी म्हणून. गार पाण्यात भिजवलेले फडके दिवसातून काही वेळा पंधरा-वीस मिनिटे ठेवल्याने चांगला आराम पडतो. कॅलामाइन लोशन पाझरणारे फोड सुकवते. औषधांच्या दुकानात मिळणारी कोलॉइडल ओटमीलची पूड कोमट पाण्यात घालून केलेली अंघोळ अंगभर खाज असणाऱ्यांना उपयोगी पडते. एक टक्का हायड्रोकॉर्टिझोन मलम सौम्य पुरळावर पहिल्या काही दिवसांत चालते; लहान मुलांसाठी ते डॉक्टरांना विचारून वापरावे. कढत पाण्याची धार सोडल्यावर क्षणभर बरे वाटते, पण त्याने कातडीचा दाह वाढू शकतो. फोड फोडू नयेत. नखे कापून ठेवावीत, कारण खाजवलेल्या जागी जंतूंचा संसर्ग होणे हाच घरी बऱ्या होणाऱ्या पुरळातला खरा धोका आहे.

काय लावू नये हेही तितकेच महत्त्वाचे. ॲलर्जीविरोधी औषध असलेली मलमे, बधिरता आणणारी बेंझोकेनची मलमे आणि निओमायसिन हे प्रतिजैविक असलेली मलमे यांचीच वेगळी ॲलर्जी जडू शकते. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास कातडी भाजते. हळदीचा लेप ओल्या फोडांवर चिकटून बसतो आणि काढताना कातडी सोलते. रस टॉक्स हे होमिओपॅथीतले औषध याच वनस्पतीपासून बनते आणि आपल्याकडे अनेकांच्या घरी असते, परंतु ते घेतले म्हणून धुणे किंवा डॉक्टरांकडे जाणे लांबणीवर टाकू नये. प्रतिकारशक्ती येते म्हणून पाने चघळण्याचा सल्ला कोणी दिला तर तो सरळ धुडकावून लावावा; त्याने तोंड आणि अन्ननलिका सुजू शकते.

तोंडाने घ्यायच्या ॲलर्जीच्या गोळ्यांचा या खाजेवर फारसा परिणाम होत नाही, कारण या गोळ्या शरीरातल्या हिस्टामिन या द्रव्याला रोखतात आणि ही खाज त्या द्रव्यामुळे उठलेली नसते. डायफेनहायड्रामिनसारख्या गोळीने गुंगी येऊन रात्री झोप लागते इतकाच तिचा उपयोग. ज्येष्ठांना अशी गोळी स्वतःहून देऊ नये. तिने गोंधळल्यासारखे होणे, तोल जाणे आणि लघवी अडणे हे त्रास होऊ शकतात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल, चेहरा किंवा डोळे झपाट्याने सुजत असतील, किंवा जळत्या वेलीचा धूर श्वासात गेला असेल, तर ९११ ला फोन करावा. इथे वाट पाहण्यात शहाणपण नाही. पुरळ डोळ्यांजवळ, ओठांवर किंवा जननेंद्रियांवर असेल, अंगाच्या मोठ्या भागावर पसरले असेल, पू दिसत असेल, अंगात १०० फॅरनहाइटहून अधिक ताप असेल, खाजेने झोपच लागत नसेल किंवा तीन आठवड्यांनंतरही उतार पडत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. प्रवासी विम्यावर आलेल्या आई-वडिलांसाठी, जिवाला धोका नसेल तेव्हा, रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागापेक्षा अर्जंट केअर केंद्र सहसा पुष्कळ स्वस्त पडते. काय लागले, कधी लागले, आणि शक्य असेल तर दुरून काढलेला त्या वनस्पतीचा फोटो, एवढे बरोबर न्यावे.

तीव्र पुरळासाठी डॉक्टर प्रेडनिसोनसारख्या स्टिरॉइडच्या गोळ्या देतात आणि त्या साधारण दोन ते तीन आठवडे, मात्रा हळूहळू कमी करत घ्यायच्या असतात. पाच-सहा दिवसांतच औषध थांबले तर पुरळ पुन्हा उसळी घेऊ शकते, म्हणून बरे वाटले की गोळ्या बंद करण्याची आपली सवय इथे महागात पडते. औषधाचे पाकीट थोड्याच दिवसांचे दिले गेले, तर इतक्या दिवसांचे औषध पुरेल का, हे तिथेच विचारावे. मधुमेह असलेल्यांनी तसे आवर्जून सांगावे, कारण या गोळ्यांनी रक्तातली साखर बरीच वाढते आणि त्या काळात ती वरचेवर तपासावी लागते. उच्च रक्तदाब आणि काचबिंदू असेल तर तोही सांगावा. डॉक्टरांनी दिलेले जोरकस स्टिरॉइड मलम चेहऱ्यावर किंवा काखेत-जांघेत, त्यांनी तसे सांगितल्याखेरीज, लावू नये, आणि भारतातून आणलेली खाजेची मिश्र मलमे तर मुळीच वापरू नयेत; त्यांत अनेकदा जोरकस स्टिरॉइड आणि निओमायसिन एकत्र असते.

फोड सुकून खपल्या पडल्यावर आपल्या सावळ्या कातडीवर बऱ्याचदा काळसर डाग मागे राहतात. ते जखमेचे व्रण नसतात आणि काही आठवड्यांत ते महिन्यांत फिके होतात. तोवर त्या जागी ऊन लागू देऊ नये किंवा सनस्क्रीन लावावे, आणि गोरेपणाची म्हणून विकली जाणारी मलमे चोळू नयेत.